वाचकांचे प्रश्न : साचलेले पाणी आणि झाडांची रोपे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. नव्याने लावलेल्या किंवा रोपवाटिकेत वाढणाऱ्या झाडांच्या रोपांत पाणी साचून राहिले तर त्यांचे नेमके काय होते, आणि आपण काय करावे, हे अनेकांनी विचारले आहे. म्हणून अन्य विषय बाजूला ठेवून त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लांबली आहेत, कारण पुढच्या उत्तरांचा आधार त्यांतच आहे.

प्रश्न : वाफ्यात चार दिवस पाणी साचले होते. रोपे पाण्यात उभी असूनही त्यांची पाने मलूल होऊन खाली लोंबू लागली. पाणी भरपूर असताना रोप तहानल्यासारखे का दिसते?

उत्तर : आपण अगदी नेमके निरीक्षण केले आहे. साचलेल्या पाण्यात रोपाचा जीव जातो तो मुळांना हवा न मिळाल्यामुळे. केवळ पाण्याचा संपर्क घातक असता, तर ज्या द्रावणात सतत हवेचे बुडबुडे सोडले जातात अशा द्रावणात मुळे पूर्ण बुडवून रोपे महिनोन्महिने वाढवता आली नसती. प्रयोगशाळांत ती तशी वाढवली जातात.

मराठीत जमिनीच्या ज्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो, त्या अवस्थेत मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत पाणी असते आणि मोठ्या पोकळ्यांत हवा असते. पाणी साचले की या मोठ्या पोकळ्यांतील हवाही बाहेर पडते. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. याहून मोठी अडचण वेगाची आहे. ऑक्सिजन हवेतून ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतक्या वेगाने तो स्थिर पाण्यातून पसरतो, त्यामुळे चिबड जमिनीच्या वरच्या काही मिलिमीटरांखाली तो पोहोचतच नाही. आधीचा जो काही साठा असतो तो मुळे आणि जमिनीतील जिवाणू मिळून वापरतात, आणि माती उबदार असेल तर एक-दोन दिवसांत तो संपतो.

मुळे जमिनीत असली तरी ती रात्रंदिवस श्वसन करत असतात. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जा वाहणाऱ्या एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. ऑक्सिजन नसताना किण्वनाने केवळ २ मिळतात. एवढ्याशा ऊर्जेवर पेशीला आपला आतला समतोल राखता येत नाही आणि पेशीरस आम्ल होऊ लागतो. मुळांच्या पेशींच्या पटलांत पाणी आत घेण्यासाठी प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पेशीरस आम्ल झाला की ही दारे मिटतात, हेही त्याच वर्षी वनस्पतींत दाखवले गेले. आपल्या वाफ्यात काय घडले ते यावरून उलगडते : मुळांभोवती पाणी होते, पण मुळांची पाणी घेण्याची क्षमता घटली होती. रोप पानांवरील पर्णरंध्रे मिटून बाष्प रोखू पाहते. तेवढ्याने भागले नाही की पाने मलूल होतात.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण सगळी लोंबलेली पाने सुकलेली नसतात. ऑक्सिजनअभावी मुळांत एका संप्रेरकाचा कच्चा माल साठतो, तो खोडातील जलवाहिन्यांतून वर जातो आणि पानांत ऑक्सिजन मिळताच त्याचे एथिलीन तयार होते. एथिलीनमुळे पानाच्या देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा अधिक वाढते आणि पान खाली वळते. अशा वेळी पान हातात धरून पाहावे. ते ताठ आणि भरलेले लागले, केवळ देठ खाली वळलेला असला, तर रोप अजून पाणी राखून आहे. पान बोटांत कापडासारखे लुळे पडले, तर मुळांचे काम थांबले आहे असे समजावे.

मलूल पाने पाहून आपला हात आपोआप पाण्याकडे जातो. फार वर्षांपूर्वी मी स्वतः एका गादीवाफ्यातील कोवळ्या रोपांना ती सुकत आहेत असे समजून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी देत राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी एक रोप उपटून पाहिले तेव्हा मुळाची साल हातमोजा निघावा तशी सरकून बाहेर आली व आत केवळ दोऱ्यासारखा पांढरा गाभा उरला. तो वाफा पूर्ण गेला. म्हणून पानांवरून निर्णय करू नका. आधी माती उकरून बोटाने पाहा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

प्रश्न : त्याच पाण्यात शेजारची वाळुंजाची रोपे मात्र हिरवीगार राहिली. काही रोपे तग धरतात ती कशाच्या बळावर?

उत्तर : तग धरणाऱ्या रोपाला दोन गोष्टी साधाव्या लागतात. वरची हवा मुळांपर्यंत पोहोचवणे ही एक, आणि ती सोय होईपर्यंत थोडक्या ऊर्जेत जिवंत राहणे ही दुसरी. दुसरीची सुरुवात आधी होते, म्हणून ती प्रथम पाहू.

ऑक्सिजन कमी झाल्याचे वनस्पतीला कसे कळते, याचा उलगडा २०११ मध्ये झाला. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीवर काम करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की तिच्या पेशींत काही नियामक प्रथिने सतत तयार होतात आणि सतत नष्टही केली जातात. त्यांच्या टोकाशी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचे ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होते, आणि ती खूण उमटली की पेशी त्या प्रथिनाचे विघटन करते. ऑक्सिजन घटला की खूण उमटत नाही, प्रथिने टिकून राहतात, केंद्रकात जातात आणि किण्वनाला लागणारी विकरे तयार करणारी जनुके जागी करतात. त्याच वेळी रोप खर्च आवरते : मुळांची टोके वाढायची थांबतात, नवी प्रथिने बनवणे कमी होते आणि साठवलेला स्टार्च पुरवून वापरला जातो. ज्याच्या मुळांत किंवा बीजदलांत साठा मोठा, ते रोप अधिक दिवस काढते. अतिशय बारीक बियांतून नुकत्याच उगवलेल्या रोपांकडे असा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती सर्वांत आधी जातात.

आता हवेची वाट. पाणी साचल्यावर काही दिवसांनी वाळुंजाच्या बुंध्याशी, पाण्याच्या रेषेच्या लगत, बारकाईने पाहा. सालीवर आधी ज्या ठिपक्यांकडे आपले लक्षही जात नव्हते ते फुगलेले दिसतील. ही वल्करंध्रे होत. ती फुगून फाकतात आणि त्यांतून पांढुरक्या, ओल्या कापसासारख्या मऊ पेशींचे उंचवटे बाहेर येतात. नख लावले तर ते सहज खरवडून निघतात, म्हणून त्यांना हात न लावणे बरे. या सैल पेशींमधून हवा आत शिरते आणि किण्वनात तयार झालेले अल्कोहोल व एथिलीन काही प्रमाणात बाहेर पडते. अनेकांना ही बुरशी किंवा रोग वाटतो आणि ते औषध फवारतात. वास्तविक हे रोप झुंजत असल्याचे चांगले लक्षण आहे. कुंड्यांतील आंब्याच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत, पाणी साचवल्यावर ज्या झाडांना अशी फुगीर वल्करंध्रे आली ती जगली आणि ज्यांना ती आली नाहीत ती मेली, असे आढळले आहे.

वल्करंध्रांचे महत्त्व किती, हे पर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये खारफुटीच्या मुळांवर मोजून दाखवले. चिखलात गाडलेल्या मुळांच्या आतल्या वायूत १५ ते १८ टक्के ऑक्सिजन होता, म्हणजे बाहेरच्या हवेतील २१ टक्क्यांपेक्षा फारसा कमी नाही. मग त्यांनी चिखलाच्या वरच्या भागातील वल्करंध्रे ग्रीस लावून बंद केली, आणि दोन दिवसांत मुळांतील ऑक्सिजन सुमारे २ टक्क्यांवर आला. चिखल तोच होता आणि मूळही तेच.

वल्करंध्रांतून आत आलेली हवा खाली न्यायला वाट लागते. त्यासाठी मुळांच्या सालीतील काही पेशी मरून किंवा एकमेकींपासून विलग होऊन लांबट पोकळ्या तयार होतात. अशा ऊतीला वायुऊती म्हणतात. पेशी मरून पोकळी होणे येथे इजा नसते, ती एथिलीनच्या संकेताने घडणारी योजना असते. मात्र पोकळ नळीतून जाणारा ऑक्सिजन वाटेतच भोवतालच्या चिखलात झिरपला, तर टोकाला काहीच उरणार नाही. म्हणून पाणथळीतील पुष्कळ वनस्पती मुळाच्या बाहेरच्या थरात सुबेरिन हा मेणासारखा पदार्थ भरून नळीला जणू अस्तर लावतात आणि टोकाजवळचा कोवळा भाग तेवढा मोकळा ठेवतात.

टोकाशी झिरपणारा थोडासा ऑक्सिजनही वाया जात नाही. ऑक्सिजन संपलेल्या मातीत जिवाणू श्वसनासाठी क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट वापरू लागतात. त्यातून विरघळणारे लोह आणि मँगनीज विषारी ठरेल इतके वाढते, आणि पुढे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जो मुळांच्या पेशींतील श्वसनच बंद पाडतो. माती उकरल्यावर निळसर करडा रंग आणि सडका, उग्र वास आला तर मजल येथवर गेली आहे. निरोगी मुळाभोवती मात्र झिरपलेल्या ऑक्सिजनमुळे विरघळलेल्या लोहाचा गंज होतो आणि मुळावर तांबूस लेप बसतो. करड्या चिखलातून उपटलेल्या मुळावर असा गंजाचा लेप दिसला, तर ते मूळ जिवंत असताना हवा वाहून नेत होते असे खात्रीने म्हणता येते.

जुनी मुळे वाचत नाहीत तेव्हा काही रोपे त्यांचा नाद सोडून बुंध्यावर, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, नवी आगंतुक मुळे काढतात. ही मुळे आरंभापासूनच पोकळ ऊतीची असतात आणि पाण्याच्या वरच्या, थोड्या हवेशीर थरात पसरतात. वाळुंज आणि त्याचे कुळबांधव यात अग्रेसर आहेत, कारण त्यांच्या खोडात मुळांचे अंकुर आधीच तयार असतात. युरोपातील ओलसर जागी वाढणाऱ्या आल्डरच्या कोवळ्या रोपांत आणखी एक सोय आढळते : उन्हाने खोड भोवतालच्या हवेपेक्षा थोडे तापले की आतल्या वायूचा दाब वाढतो आणि हवा मुळांकडे ढकलली जाते. पाने नसलेल्या काळातही हे घडते, हे मला विशेष वाटते.

प्रश्न : पाण्यातच वाढणाऱ्या झाडांच्या बिया पाण्यातच रुजतात का?

उत्तर : बहुतेकांच्या नाही. उत्तर अमेरिकेच्या दलदलीतील बाल्ड सायप्रस हा वृक्ष वर्षानुवर्षे पाण्यात उभा राहतो, पण त्याचे बी पाण्याखाली रुजत नाही. ते ३० महिन्यांपर्यंत पाण्यात पडून राहिले तरी जिवंत राहू शकते आणि पाणी ओसरून ओला चिखल उघडा पडला की रुजते. त्यानंतर पुढचे पाणी येईपर्यंत रोपाचा शेंडा पाण्याच्या वर राहील इतकी उंची त्याला गाठावी लागते, कारण पूर्ण बुडलेले कोवळे रोप दीर्घकाळ टिकत नाही. ज्या दलदलीत पाणी कधीच उतरत नाही तेथे मोठे वृक्ष दिसतात, पण त्यांच्याखाली नवी पिढी दिसत नाही, त्याचे कारण हेच.

खारफुटीतील कांदळाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, आणि वीतभर ते हातभर लांबीचा, खालून टोकदार झालेला कोंब झाडावरून सुटतो. तो चिखलात रुततो किंवा तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतो; दोन्ही प्रकारांत त्याच्याजवळ साठाही असतो आणि अंगावर वल्करंध्रेही.

सर्वांत कठीण परीक्षा मध्य अ‍ॅमेझॉनच्या पूरवनांतील रोपांची असते. तेथील नद्यांची पातळी दरवर्षी सुमारे १० मीटर चढते आणि सखल भागांतील रोपे शेंड्यासकट अंधाऱ्या पाण्यात कित्येक महिने बुडून राहतात. काही जातींची रोपे पाने गाळून निपचित राहतात, काहींची पाने पाण्याखालीही टिकतात आणि पाणी उतरताच प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू करतात. वाढण्याची धडपड न करता थांबून राहणे हाही जगण्याचा मार्ग आहे, हे या रोपांत स्पष्ट दिसते.

प्रश्न : रोपे किती दिवस साचलेले पाणी सहन करतात?

उत्तर : दिवसांचा एकच आकडा सांगितला तर तो फसवा ठरेल. पपईचे रोप दोन-चार दिवसांत दगावते. पीच आणि जर्दाळूही फार नाजूक आहेत, कारण ऑक्सिजनअभावी त्यांच्या मुळांतील संयुगांचे विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड सुटते आणि मूळ स्वतःच्याच विषाने मरते. दुसऱ्या टोकाला वाळुंज, समुद्रफळ, बाल्ड सायप्रस यांची थोडी वाढलेली रोपे कित्येक आठवडे पाय पाण्यात ठेवून राहू शकतात. जांभूळ, करंज आणि अर्जुन ही मधल्या पण बऱ्यापैकी सोशिक गटातली; साग मात्र निचऱ्याची जमीन मागतो.

जातीइतकेच महत्त्व परिस्थितीला आहे. तापमान १० अंशांनी वाढले की मुळांचा आणि जिवाणूंचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे थंडीत निष्पर्ण असलेले रोप ज्या पाण्यात महिना काढते, त्याच पाण्यात ते वाढीच्या उबदार काळात आठवड्याने मरू शकते. वाहते पाणी आपल्याबरोबर ऑक्सिजन आणते, डबके आणत नाही. आणि पाणी कोठवर आहे हे पाहावे : मुळे बुडाली तर रोप अडचणीत येते, शेंडा बुडाला तर हवेची वाटच बंद होते आणि गढूळ पाण्यात प्रकाशही मिळत नाही. माझ्या मते आपल्या हातात येणारे प्रत्येक नवे रोप उबदार, स्थिर पाण्यात दोन दिवसांपलीकडे राहू देऊ नये; त्यापुढे त्याच्या जातीच्या सोशिकतेवर भिस्त असते.

प्रश्न : रोपांना थोडे थोडे पाणी साचवून आधीपासून सवय लावता येईल का?

उत्तर : काही अंशी. ऑक्सिजन हळूहळू कमी होत गेला तर किण्वनाची विकरे आणि वायुऊती तयार व्हायला अवधी मिळतो, आणि अशी मुळे एकाएकी बुडालेल्या मुळांपेक्षा अधिक टिकतात. परंतु ज्या जातीत ही क्षमता मुळातच नाही तिच्यात ती सवयीने येत नाही. पाणथळ जागेसाठी योग्य जात निवडणे हेच श्रेयस्कर.

प्रश्न : पाणी ओसरले आहे. रोपे पिवळी पडली आहेत. लगेच खत द्यावे का? हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्याने मुळांना ऑक्सिजन मिळतो असे ऐकले, ते खरे का?

उत्तर : पिवळेपणाचे कारण बहुधा नत्राची कमतरता हेच असते, कारण साचलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेटचा वापर करून त्याचा वायू करून टाकतात आणि दुबळी मुळे उरलेले नत्रही उचलू शकत नाहीत. रोप मग जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांकडे पाठवते, म्हणून पिवळेपणा खालून वर जातो. तरीही लगेच खत देऊ नये. तंतुमुळे मेलेली असताना दिलेले रासायनिक खत मातीतील क्षार वाढवते आणि उरलेल्या मुळांना पाणी घेणे आणखी अवघड होते. नवी पालवी दिसली की हलक्या मात्रेने सुरुवात करावी.

हायड्रोजन पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो हे खरे, पण तो थोड्याच वेळात बुडबुडे होऊन निघून जातो, आणि मुळांना तर तो तासामागून तास लागतो. द्रावण तीव्र झाले तर कोवळी मुळे भाजतात. पाण्याला वाट करून देणारा एक चर याहून पुष्कळ अधिक उपयोगी आहे.

आपण विचारले नाही, पण पाणी ओसरतानाचा काळही धोक्याचा असतो. बरेच दिवस ऑक्सिजनविना राहिलेल्या पेशींत तो एकदम शिरला की त्याची अतिक्रियाशील रूपे तयार होऊन पेशींची पटले फाटतात, आणि साठलेल्या अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड या अधिक विषारी पदार्थात रूपांतर होते. त्यामुळे पाण्यात हिरवे राहिलेले रोप पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी कोलमडू शकते. त्या दिवसांत रोपांवर सावली धरावी, म्हणजे पानांतून जाणारे बाष्प कमी होईल. पानांवर आणि मानेशी, म्हणजे खोड जमिनीत शिरते तेथे, बसलेला गाळ हलक्या हाताने धुऊन काढावा. ओल्या मातीवर चालू नये, कारण पायाखाली दबलेल्या पोकळ्या पुन्हा सहजी उघडत नाहीत. वाफसा आल्यावरच वरची पापडी हलकी मोडावी. बुंध्यावर नवी मुळे आली असतील तर ती तोडू नयेत, त्यांच्यावर पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन ठेवावे.

रोप जिवंत आहे का हे पाहायचे असेल तर शेंड्याकडून बुंध्याकडे येत नखाने साल जराशी खरवडावी; खाली ओलसर हिरवा थर दिसला तर धीर धरावा. बुंध्याशी हिरवे आणि शेंड्याशी तपकिरी असे असले, तरी पुष्कळ जाती बुंध्यापासून पुन्हा फुटतात. माझ्या अनुभवात घाईने उपटलेल्या रोपांपैकी बरीच वाचली असती.

मर रोगाकडेही लक्ष असू द्यावे. पिथियम आणि फायटॉप्थोरा या बुरशीसदृश जीवांचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात, आणि गुदमरलेल्या मुळांतून झिरपणारे अल्कोहोल व अमिनो आम्ले त्यांना मुळांकडे ओढतात. मानेशी तपकिरी, खचलेला पट्टा दिसणारी रोपे वेगळी काढावीत आणि त्या वाफ्याचे पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये.

आणि पुढच्या कोरड्या दिवसांत या रोपांना विसरू नये. खोलवरची मुळे मेल्यामुळे ती वरच्या थरातील ओलीवर अवलंबून असतात. पुरातून वाचलेली पुष्कळ रोपे नंतरच्या साध्याशा उन्हाने मरतात.

प्रश्न : कुंडीच्या किंवा पिशवीच्या तळाशी खडी घातली आणि चिकण जमिनीत खड्डा मोठा घेतला, तर पाणी साचणार नाही, हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही समजुती सर्वत्र रूढ आहेत, आणि दोन्हींमुळे रोपांचे नुकसान होते.

कुंडीचे आधी पाहू. स्पंजाचा एक लांबट तुकडा पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी गळायचे थांबले की तोच तुकडा न पिळता उभा करा. त्यातून आणखी पाणी गळेल. आडव्या आणि उभ्या, दोन्ही स्थितींत त्याच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर उरतोच, फक्त उभ्या तुकड्यात तो एकूण उंचीच्या मानाने लहान असतो. कुंडीतील मातीचेही असेच असते. बारीक पोकळ्यांच्या मातीतून खडीच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सहजासहजी उतरत नाही. वरची माती तळाशी पूर्ण भिजल्यावरच ते उतरते. म्हणून खडी घातल्याने भिजलेला थर नाहीसा होत नाही, तो वर सरकतो आणि मुळांना हवेशीर जागा कमी उरते. त्याऐवजी उंच, निमुळती पिशवी घ्यावी, संपूर्ण मिश्रणच जाडेभरडे ठेवावे आणि पिशवी सपाट चिकण जमिनीवर न ठेवता छिद्रे मोकळी राहतील अशी ठेवावी.

चिकण जमिनीत मोठा खड्डा घेऊन तो पोयट्याच्या भुसभुशीत मातीने भरला तर भोवतालचे पाणी त्या सैल मातीत येते, आणि खड्ड्याच्या घट्ट भिंतींतून बाहेर जाऊ शकत नाही. रोप एका हौदात लावल्यासारखे होते. लागवडीआधी ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा, मग पुन्हा भरावा आणि पट्टीने पातळी मोजावी. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल तर निचरा अपुरा आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तेथे खड्ड्यात रोप लावू नये.

अशा ठिकाणी उंचवट्यावर लागवड करावी. भोवतालचीच माती ओढून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच आणि किमान मीटरभर रुंद, उतरत्या कडांचा उंचवटा करावा, त्याखालची जमीन आधी कुदळीने फोडून घ्यावी आणि रोपाची मान उंचवट्याच्या माथ्याशी येईल असे लावावे. भोवती आळे करू नये. पाणी बाहेर जाईल असा चर मात्र उताराच्या दिशेने काढावा. पहिल्या काही महिन्यांत ही माती खचते आणि मानेभोवती बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. तो दिसला की कडेची माती ओढून भरून घ्यावी, पण मान मातीखाली जाऊ देऊ नये.